गांजाला परवाना द्यावा काय?

कडेगावचे नाव दूरवर पोहोचले ते मोहरमातील गगनचुंबी ताबुतांमुळे. गावातील हिंदू-मुसलमान मिळून उभारीत असलेल्या त्या ताबुतांच्या भेटी पाहण्यासाठी कऱ्हाड-विटा रस्त्यावर माणसांची रीघ लागते. एरवी हा तालुका अवर्षणाचा. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी आले आणि जिथे कुसळे उगवत तिथे उसाचे फड उभे राहिले. ऊस पुरुषभर उंच झाला की फडाच्या आत काय वाढले आहे ते बांधावर उभ्या असलेल्या मालकालाही दिसत नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत उसाच्या किंवा हळदीच्या आडोशाने लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नेल्याची बातमी म्हणूनच वर्षातून अनेकदा वाचावयास मिळते. बातमी चार ओळींची असते आणि वाचणारा पान उलटतो.

पान उलटणाऱ्या घरांत मात्र आता दुसऱ्या बाजूने हाच विषय येऊ लागला आहे. पुण्यास शिकणारा मुलगा किंवा कॅनडात नोकरीस गेलेला पुतण्या सुटीस आला म्हणजे जेवताना सहज विचारतो, ‘तिकडे हा माल दुकानात पावती देऊन विकतात, सरकार त्यावर कर घेते, आपल्याकडेच हा गुन्हा का?’ प्रश्न उद्धटपणाचा नसतो. त्याला ‘शिव शिव’ म्हणून गप्प करणे सोपे आहे, परंतु ते उत्तर नव्हे. गांजाच्या सेवनास आणि विक्रीस कायद्याने मुभा देऊन त्यावर सरकारी नियंत्रण ठेवावे काय, या प्रश्नाचा हिशेब व्यापारी घराने तरी जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू मांडूनच तपासला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते. अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा, ज्याला सर्वजण एनडीपीएस म्हणतात, १९८५ सालचा. भांगेच्या वनस्पतीचे तीन पदार्थ लोकव्यवहारात परिचित आहेत : झाडाच्या राळेपासून होणारा चरस, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि पानांची भांग. कायद्याने पहिले दोन निषिद्ध केले. शेंड्यांविरहित पाने आणि बिया मात्र व्याख्येबाहेर ठेवल्या. उत्तरेत होळीला आणि महाशिवरात्रीला भांग उघडपणे घोटली जाते ती याच फटीतून. महाराष्ट्रात भांगेवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत, ही गोष्ट वेगळी.

गांजाच्या बाबतीत शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’. त्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. वीस किलोहून अधिक असेल तर ते ‘व्यापारी प्रमाण’; त्यास किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. दोहोंच्या मधल्या प्रमाणास दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन मिळणे अत्यंत कठीण, कारण आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे अशी न्यायालयाची आधी खात्री व्हावी लागते. झाड लावणाऱ्याला वजनाचीही सवलत नाही. लागवड हाच गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. जप्त मालाचे वजन देठ, पाने आणि मातीसकट करायचे की केवळ शेंड्यांचे, यावर न्यायालयांत वारंवार वाद होतात. वाद नुसता तांत्रिक नाही, त्यावर एखाद्याची दहा वर्षे अवलंबून असतात.

हा निषेध पुरातन आहे असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या मद्यपानविरोधी सभासदाने हिंदुस्थानातील गांजाचा प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. सात सभासदांत तीन हिंदी होते. प्रांतोप्रांती फिरून आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या. त्यावेळी कडेगाव ज्या खानापूर तालुक्यात होते तो सातारा जिल्ह्यात मोडत असे, आणि मुंबई इलाख्यातील गांजाचे मोठे पीक अहमदनगर जिल्ह्यात निघे. गांजाची दुकाने सरकार मक्त्याने देई. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अपाय अतिरेकाने होतो. सबब बंदी घालू नये, लागवड मर्यादित करावी, परवाने द्यावेत, कर वाढवावा. दोन हिंदी सभासदांनी या मताशी असहमती नोंदविली. आज परवान्याच्या बाजूने बोलणारे या अहवालाचा आवर्जून दाखला देतात. तो द्यावाच, मात्र शिफारस करणारे सरकार त्याच मालावर महसूल घेणारे होते आणि बंदी घातली असती तर तो महसूल बुडाला असता, हेही त्याच दाखल्याशेजारी लिहावयास हवे. ज्याचा हितसंबंध आहे त्याचा अभिप्राय खोटा ठरत नाही, पण कर्ज मंजूर करताना असा अभिप्राय एकट्याने पुरेसा मानीत नाहीत.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भांगेची वनस्पती अफूच्या शेजारी जाऊन बसली. वैद्यकेतर वापर पंचवीस वर्षांत बंद करावा अशी त्यात मुदत होती. ती संपत आली असता भारताने १९८५ चा कायदा केला. २०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ही वनस्पती अति-घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या बहुमताने संमत केला. बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. देशातील कायदा त्याने बदलला नाही.

परवान्याच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडून करवून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी घेतले होते. पैकी गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. म्हणजे कायद्याच्या अक्षरानुसार एवढे लोक गुन्हेगार. एवढ्यांना ठेवायला तुरुंग नाहीत, आणि जे पकडले जातात ते बहुधा गरीब असतात. मुंबईतील खटल्यांत बव्हंशी वैयक्तिक सेवनाचीच प्रकरणे असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. दारूचे सेवन करणारे त्याच पाहणीत १६ कोटी होते, आणि तिचा व्यापार सरकारी शिक्क्याने चालतो. तेव्हा दारू अधिक घातक असूनही वैध आणि गांजा निषिद्ध, यात तर्क कोणता, हा तरुणांचा प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर ‘दोन्ही वाईट’ असे आले तर ते नीतीचे उत्तर झाले. कायद्याने मात्र एकास दुकान आणि दुसऱ्यास बेडी दिली आहे. पतियाळाचे तेव्हाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी सौम्य नशेच्या पदार्थांना नियंत्रित मुभा देणारे खासगी विधेयक याच युक्तिवादावर मांडले होते.

आता ज्यांनी मुभा दिली त्यांचा अनुभव. उरुग्वे या छोट्या देशाने २०१३ मध्ये कायदा केला. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर विक्री खुली केली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ रोजी दुकाने उघडली आणि मागोमाग अनेक राज्ये आली. कॅनडातील कंपन्यांचे समभाग प्रथम आकाशाला भिडले. मागणीचे अंदाज इतके फुगविले गेले की पुढे माल पडून राहिला, नष्ट करावा लागला, भाव कोसळले आणि समभागांत पैसे घातलेल्या सामान्य माणसाने हात पोळून घेतले. काळा बाजार आक्रसला. नाहीसा झाला नाही. कारण सरळ आहे. परवानाधारकाला कर, तपासणी, वेष्टन, दुकानभाडे हे सर्व सोसावे लागते आणि चोरट्याला यांपैकी काहीही नाही. कर वाढविला की गिऱ्हाईक चोरट्याकडे जाते, कर उतरविला की सेवन स्वस्त होते. या दोन टोकांमध्ये योग्य दर शोधणे कोणत्याही अर्थखात्यास अद्याप जमलेले दिसत नाही.

अमेरिकेची तऱ्हा तर बँकेच्या माणसाला थक्क करणारी आहे. राज्याने परवाना दिलेला असतो, पण केंद्रीय कायद्याने तोच धंदा गुन्हा. त्यामुळे मोठ्या बँका खाते उघडीत नाहीत, कार्डावर विक्री होत नाही, दुकानात नोटांच्या थप्प्या साचतात आणि दरोड्याची धास्ती राहते. प्राप्तिकरात सामान्य व्यापारी खर्चाची वजावटही त्यांना मिळत नाही. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट याहून महत्त्वाची : दुकान राज्याच्या कायद्याने वैध असले तरी परदेशी नागरिकाचा प्रवेश केंद्रीय कायद्याने ठरतो. गांजा घेतल्याची नुसती कबुलीही व्हिसा वा प्रवेश नाकारण्यास पुरेशी ठरू शकते. तेथून येताना सामानात ‘गमी’ची डबी घेऊन उतरणारा मुलगा मुंबईच्या विमानतळावर एनडीपीएसचा आरोपी होतो, तेथे कॅनडाची पावती दाखवून उपयोग नाही.

थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये निर्बंध उठविले. गल्लोगल्ली दुकाने लागली. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने पुन्हा वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची केली. मधल्या तीन वर्षांचा परिणाम मुंबईत दिसला : बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे पाण्यावर वाढविलेला उंची गांजा सापडण्याची प्रकरणे वाढत गेली. फुकट सहलीचे आमिष दाखवून एखाद्याच्या हाती बॅग देणे, ही त्यातली नेहमीची रीत.

जर्मनीने निराळी वाट धरली. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढास थोडा गांजा जवळ बाळगण्यास आणि घरी तीन रोपे लावण्यास मुभा आहे, सभासदांपुरती बिनफायदा मंडळे चालतात, परंतु विक्रीची दुकाने नाहीत. सेवन करणाऱ्यास तुरुंगात धाडावयाचे नाही आणि विकणाऱ्यास नफा कमवू द्यावयाचा नाही, असा त्यात विचार आहे. परदेशी उदाहरणांपैकी हेच सर्वांत विचारार्ह वाटते.

पण परदेश कशाला? नियंत्रित विक्री आणि संपूर्ण बंदी या दोन्ही औषधांचा डोस महाराष्ट्राने स्वतः घेतलेला आहे.

बंदीचे उदाहरण गुटख्याचे. २०१२ च्या जुलैपासून राज्यात गुटखा आणि पानमसाला यांवर अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे, आदेशाची मुदत दरवर्षी वाढविली जाते. सांगली जिल्ह्यातील कोणत्याही बसस्थानकाबाहेरील जमिनीकडे पाहिले म्हणजे या बंदीचा ताळेबंद कळतो. रिकाम्या पुड्यांचा खच पडलेला असतो. सीमेपलीकडून माल येतो, छापील किमतीहून अधिक दराने विकला जातो, आणि बंदीने निर्माण झालेला हा जादा नफा कर न भरणाऱ्यांच्या खिशात जातो. यात आपल्या समाजाने एक अप्रिय गोष्टही मान्य केली पाहिजे. किराणा आणि पानाच्या ठोक व्यापारात असलेल्या काही घरांनी, आडनावे कोणतीही असोत, बंदीनंतरही हा माल मागील दाराने चालू ठेवला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कुलपाने दुकानाची जुनी अब्रू गमावली. बंदी फसते, हे खरे. ती फसविण्यात आपला हात असेल तर बंदी फसली म्हणून तक्रार करण्याचा अधिकार राहत नाही.

नियंत्रित विक्रीचे उदाहरण दारूचे. ज्या कायद्याखाली राज्यात दारू विकली जाते त्याचे नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’, हा विनोद जगात अन्यत्र क्वचितच आढळेल. १९४९ च्या या कायद्याने पिणाऱ्याजवळ आजही परवाना असणे आवश्यक आहे. एका दिवसाचा परवाना काही रुपयांत मिळतो. नियंत्रणाची ही कागदी शिस्त आणि रात्री नऊ वाजता गावच्या चौकातील दृश्य यांचा मेळ ज्याचा त्याने घालावा. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित धरला होता. जो ऋणको अशा एका ग्राहकावर एवढा अवलंबून असेल तो त्या ग्राहकाला शिस्त कशी लावणार? चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि अवैध दारू वाढल्याचे कारण देऊन २०२१ च्या मेमध्ये उठविली गेली. २०२२ च्या जानेवारीत तर किराणा सुपरमार्केटात वाइन ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. विरोध झाला म्हणून तो कागदावर राहिला, एरवी तांदळाच्या कट्ट्याशेजारी बाटलीचे कपाट आले असते आणि त्याचे दार उघडून देणारा गल्ल्यावरचा मनुष्य आपल्यापैकीच कोणी असता.

गावच्या स्त्रियांनी या नियंत्रणाला दिलेले उत्तर म्हणजे ‘आडवी बाटली’. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर मत दिले तर गावातील दुकान बंद करावे लागते, अशी तरतूद राज्यात आहे. नीट वाचावे : मतदानास आलेल्यांपैकी नव्हे, एकूण महिला मतदारांपैकी. मुंबईस राहणाऱ्या सुनेचे नाव यादीत असेल तर तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या पारड्यात जाते. दुकान उघडण्यासाठी मात्र स्त्रियांचे असे मतदान घेतले जात नाही. गांजाला परवाना देण्याची चर्चा करणाऱ्यांनी ही विषमता आधी ध्यानात घ्यावी. आपल्याकडे परवाना एकदा निघाला की तो परत घेणे ही शासनाची नव्हे, गावातील बायकांची जबाबदारी होऊन बसते.

या सर्व वादात व्यापारी घराचा एक प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि धोका तेथेच अधिक आहे. तो वैध-अवैधाच्या तत्त्वचर्चेचा नाही, गोदामाच्या किल्लीचा आहे.

समजा, कडेगावच्या पेठेत तीन पिढ्यांचे भुसार दुकान असलेल्या एका घराचे रस्त्याकडेला जुने गोदाम आहे. मुलगे पुण्याला गेले, हळदीचा व शेंगांचा व्यापार कमी झाला, गोदाम रिकामे. मध्यस्थ एक भाडेकरू आणतो. शेतीच्या औषधांचे पॅकिंग करावयाचे आहे म्हणतो. परिसरात चार हजार भाडे चालत असता तो नऊ हजार देऊ करतो, सहा महिन्यांचे आगाऊ रोख. अकरा महिन्यांचा करार साध्या मुद्रांकावर, आधारकार्डाची झेरॉक्स, झाले. मालक पुढील दहा महिने गोदामाकडे फिरकत नाही. भाडे वेळेवर येते, फिरकण्याचे कारणच काय?

एनडीपीएसचे कलम २५ म्हणते की घर, खोली, आवार, जागा वा वाहन यांचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून त्याचा वापर अशा गुन्ह्यासाठी होऊ देईल तर त्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. ‘जाणूनबुजून’ हा शब्द दिलासा देणारा वाटतो. परंतु याच कायद्याचे कलम ३५ आरोपीच्या मनात दोषी हेतू होता असे गृहीत धरण्यास न्यायालयास सांगते. हेतू नव्हता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, आणि तोही निःसंशय सिद्ध करण्याचा. दुप्पट भाडे, रोख आगाऊ, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद नाही : हे तीन कागद सरकारी वकिलाच्या हाती पडले तर सत्तर वर्षांच्या शेठजींनी काय सांगावे? वाहनाचेही तसेच. ट्रक वा टेम्पो अशा मालासह सापडला तर तो जप्त होऊ शकतो. आपल्याला आणि आपल्या चालकालाही माहिती नव्हती व योग्य ती खबरदारी घेतली होती हे मालकाने दाखवावे लागते. जमीन वाट्याने किंवा खंडाने दिलेल्या घरांसाठी कलम ४६ आहे. आपल्या जमिनीत बेकायदा भांगेची झाडे लागल्याचे कळताच पोलिसांना कळविणे जमीनधारकाचे कर्तव्य; जाणूनबुजून न कळविल्यास शिक्षा. पुढील कलमात सरपंच व पंचांवरही असेच कर्तव्य आहे.

ही भीती कल्पनेतली म्हणता येणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांना मेफेड्रॉनचा मोठा साठा कुपवाडला सापडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे या पदार्थाचा कारखाना पकडला. २०२५ च्या जानेवारीत सांगली पोलिसांनी कडेगावपासून थोड्याच अंतरावरील विट्याजवळ, कार्वे औद्योगिक वसाहतीत असाच कारखाना उघडकीस आणला आणि जप्त मालाची किंमत सुमारे तीस कोटी रुपये सांगितली. मेफेड्रॉन हे रसायन, त्याचा गांजाच्या झाडाशी संबंध नाही. कायदा मात्र तोच, आणि रस्त्याकडेची शेड व दूरचा मालक हेही तेच. येथे परवान्याच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद विचारात घ्यावा लागतो : गांजा वैध केला तर तरुण या विषारी रसायनांकडे वळणार नाहीत. तसे झाले तर चांगलेच. मात्र दारू वैध असतानाही मेफेड्रॉनचे कारखाने निघालेच, त्यामुळे एक दुकान उघडले की दुसरे बंद होते हे गणित इतके सरळ दिसत नाही.

गोदामाइतकाच बँकेच्या खात्याचा विषय. अमली पदार्थांचे गुन्हे काळ्या पैशाविरुद्धच्या २००२ च्या कायद्याच्या यादीत आहेत. ‘आठ दिवस तुझे खाते वापरू दे, दोन टक्के देतो’ म्हणणाऱ्या मित्राला चालू खाते वापरू देणारा महाविद्यालयीन मुलगा आपण कोणत्या गुन्ह्याची रक्कम फिरवीत आहोत हे जाणत नाही. खाते गोठले म्हणजे घरातील दुकानाचे चेकही परत जातात.

आता परवाना मिळालाच, असे क्षणभर धरू. मग हा व्यापार आपण करावा काय? उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत रसवाणिज्य आणि विषवाणिज्य स्पष्ट नावानिशी आहेत. गाड्या-जनावरे भाड्याने देण्याच्या वृत्तीवर जगणे, म्हणजे भाटककर्म, हेही त्याच यादीत आहे. गोदामाच्या गोष्टीनंतर ही जुनी यादी नव्याने वाचण्यासारखी वाटते. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर घरांत वाचल्या जाणाऱ्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान येते. दुसऱ्याच्या हाती अपायाचे साधन देणे हाच तेथे दोष मानला आहे. त्याने ते वापरले की नाही हा प्रश्न नंतरचा. सरकारने परवाना दिला म्हणून यांतील एकही ओळ खोडली जात नाही. दारूचे परवाने गेली कित्येक दशके मिळतात, आणि आपल्यातील बहुसंख्य घरांनी ते घेतले नाहीत. ते धंदा कळत नाही म्हणून नव्हे.

बियांचा आणि धाग्याचा व्यवहार निराळा, आणि त्याची गल्लत होऊ नये. नशा जवळजवळ नसलेल्या जातींची औद्योगिक लागवड उत्तराखंडाने २०१८ पासून परवान्याने सुरू केली. हिमाचल प्रदेशही त्या दिशेने निघाला आहे. या वनस्पतीच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. कुमाऊँत त्यांची चटणी पूर्वापार करतात. धाग्याचे कापड टिकाऊ असते. (मराठी वृत्तपत्रे ‘हेम्प’चे भाषांतर कधी ताग तर कधी अंबाडी असे करतात. ही तिन्ही झाडे वेगळी. अंबाडीच्या भाजीस कोणी बिचकू नये.) या व्यापारात कोणास पडावयाचे असेल तर कागदपत्रे, प्रयोगशाळेचा दाखला आणि पुरवठादाराचा परवाना तपासून पडावे. महाराष्ट्रातील शेतात मात्र असे बियाणे परस्पर टाकू नये. पोलिसांच्या डोळ्यांना झाड ते झाडच.

तेव्हा निर्णय कोणता? सेवन करणाऱ्या तरुणास तुरुंगात पाठविणे निरर्थक, तेथे त्याला याहून वाईट सोबत मिळते. ती शिक्षा कायद्यातून जावी. विक्रीचे दुकान मात्र उघडू नये. ज्या राज्यास बाटली आवरत नाही त्याने आणखी एका कपाटाची किल्ली मागू नये. आजचा गांजा १८९३ चा नाही, जाती सुधारून त्याची तीव्रता पुष्कळ वाढविली आहे, आणि कोवळ्या वयात नित्य सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो याविषयी डॉक्टरांत फारसे दुमत नाही. एम्सच्या त्याच पाहणीत या सेवनामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख होते.

ही मदत घेण्यात आपल्या घरांची अडचण कायद्याहून लोकलज्जेची असते. मुलाच्या खिशात पुडी सापडली की प्रथम खोलीचे दार लागते, मग त्याला आजोळी धाडतात, मग लग्नाची घाई होते. डॉक्टर शेवटी, आणि तोही परगावचा, नाव बदलून. पोलिसांत प्रकरण जाईल ही भीती खरी असते. पण कायद्यात यावर तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात उपचारासाठी दाखल झाला आणि त्याने ते उपचार घेतले तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. आरोप नसेल तर लपण्याचे कारण मुळातच उरत नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. उपचार अर्धवट सोडल्यास कलम ६४-अ चे संरक्षण काढून घेता येते, म्हणून दाखल करताना मिळालेले आणि सुटी होताना दिलेले, दोन्ही कागद घरच्यांनी सांभाळून ठेवावेत. आणि गोदाम भाड्याने दिलेले असेल तर येत्या रविवारी तेथे एकदा जाऊन यावे. करारात पाहणीचा हक्क लिहिलेला नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी तो लिहून घ्यावा.